अळणी

आवेइरोच्या मिठागरात पहिल्या दिवशी
मी छत्तीस फोटो काढले, भर दुपारी.
देओलिंदानं ओला कागद दिव्याजवळ नेला,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि म्हणाली, "अळणी."

मिठाचे फोटो. आणि अळणी.

"ही रास आहे? हे तर कागदाला पडलेलं भोक.
दाणा नाही, उतार नाही,
ऊन कुठून आलं त्याचा पत्ता नाही.
उद्या जा. सहाला, संध्याकाळच्या.
आणि रंग बाहेर काढून ठेव,
बांधापाशी चपला काढतात तसे."

संध्याकाळी बांध उठून बसले होते.
दुपारी जी नुसती कोरी पाटी होती
तिच्यावर आता रेघा:
आडवी, आडवी, पुन्हा आडवी,
मग एक तिरकी, मधेच मोडलेली,
जिथून भरतीचं पाणी आत घेतात.
राशींना बाजू फुटल्या होत्या,
एक उजेडाची, एक त्याच्याशी न बोलणारी,
आणि प्रत्येकीची सावली
शेजारणीच्या पायथ्याशी जाऊन टेकलेली.

बेल्मिरो पाठमोरा, अनवाणी.
त्याच्या फावड्याच्या दांड्याची सावली
बांधाच्या रेघेला कधी मिळते
याची मी वाट बघत बसले, श्वास धरून.
तो थांबला. "त्या कप्प्यात काय बघतेस?
तो परवा."
आणि हा?
"हा उद्या. तो कडेचा, रविवारी,
वारा टिकला तर."

मला सगळीकडे एकच पाणी दिसत होतं, राखाडी.
मीटरचा काटाही मधोमध थरथरत उभा,
साक्ष फिरवणाऱ्या माणसासारखा.
बेल्मिरोनं फावड्याच्या टोकानं दाखवलं:
"हे सार्डिनच्या पाठीचं. हे पोटाचं.
हे पत्र्याच्या बादलीच्या तळाचं.
आणि ते, बघ,
तिन्हीसांजेला दोरीवर विसरलेली चादर
दिसते ना, ते. ते पिकलंय."
एकूण सात मोजले मी. सात करडे.
तो म्हणाला नऊ आहेत,
आणि कामाला लागला.

ट्रेमध्ये, लाल दिव्याखाली,
माणसाआधी त्याची सावली आली.
काळं नेहमी घाईत असतं.
मग बांधाची रेघ.
मग राशींचे त्रिकोण, अजून पोकळ,
आणि अगदी शेवटी, उंबऱ्यावर घुटमळून
आत येणाऱ्या भिडस्त पाहुण्यांसारखे
एकेक करडे. पाठ. पोट. बादली.
आठ आले. नववा आला की नाही,
अजून सांगता येत नाही.

पूर्वी कागद आधी मिठाच्या पाण्यात बुडवायचे,
देओलिंदानं सांगितलं,
चिमट्यानं कोपरा हलवत;
मगच त्यावर चांदी धरायची
आणि चांदीवर ऊन.
"मिठाला जागणारा कागद," ती म्हणाली,
आणि स्वतःच्याच विनोदावर
खोकला येईपर्यंत हसली.
फोटोबद्दल काही बोलली नाही.
दोरीवर मात्र तो तिनं स्वतःच्या हातानं लावला.

शनिवारी मी तो बेल्मिरोला नेऊन दिला.
त्यानं हात चड्डीला पुसले, कागद कडेनं धरला,
खूप वेळ बघितला.
स्वतःकडे नाही.
चौथ्या बांधावर नख ठेवलं:
"हा वाकडा आहे."
फोटोत?
"नाही. बांध.
गुरुवारी गळत होता, अंधारात लिंपला मी.
तिथून बघताना सरळ वाटायचा."

फोटो त्यानं राशीवर ठेवला,
उडू नये म्हणून वर एक चप्पल,
आणि फावडं घेऊन चौथ्या बांधाकडे गेला.

चपलेची सावली
फोटोतल्या सावलीवर पडली होती.
दोन्ही सारख्याच काळ्या.
त्यातली एक हळूहळू
कागदाच्या कडेकडे सरकत होती.